सूट किती ते नंतर, आधी कोटेशन दाखवा

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही मानेवाडा रोडला राहतो. मिस्टर बुटीबोरीला नोकरीला आहेत, मी शाळेत शिकवते. आमच्याकडे २०१४ ची जुनी हॅचबॅक आहे. ती देऊन नवी पेट्रोल गाडी घ्यायची आहे, एक्स-शोरूम साडेआठ लाखांच्या आसपास. शोरूमवाला म्हणतो ६० हजारांची सूट आहे, पण आज संध्याकाळपर्यंतच. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यावा लागेल, असंही म्हणतो. ऑन-रोडचा, म्हणजे आरटीओ-विम्यासकट, एकच आकडा त्यानं व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून दिला. माझ्या भाऊजींची तिथं ओळख आहे. ते म्हणतात, तुम्ही काही बोलू नका, मी बघतो. सासऱ्यांना गाडी दसऱ्यालाच दारात पाहिजे. मिस्टर म्हणतात गाड्यांचे भाव फिक्सच असतात, उगाच घासाघीस करून हसं करून घेऊ नको. मला मात्र राहून राहून वाटतं की कुठंतरी पाणी मुरतंय. नेमकं कशावर बोलायचं आणि किती ताणायचं?

– एक वाचक, नागपूर

उत्तर:

ताई,

हे उत्तर तुमच्या वाचनात येईपर्यंत ती ‘आज संध्याकाळ’ होऊन गेली असेल आणि सूट तिथंच असेल. कंपन्यांच्या स्कीमा साधारणपणे महिन्याच्या हिशोबानं चालतात. शोरूमचं टार्गेट महिन्याचं, सेल्समनचा इन्सेन्टिव्ह महिन्याचा. घाई करायचीच असेल तर ती महिनाअखेरीस त्यांनी करावी, तुम्ही नाही.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. वर्धा रोडच्या शोरूममध्ये जा की कामठी रोडच्या, त्याच व्हेरियंटचा तो आकडा तोच असतो. हलतं ते सगळं त्याच्या खालचं. इतवारीत दागिना घेताना आपण सोन्याच्या भावावर भांडत नाही, घडणावळीवर भांडतो. इथंही तेच करायचं, पण त्यासाठी घडणावळ वेगळी लिहिलेली दिसली पाहिजे. म्हणून शोरूममध्ये पाऊल टाकल्यावर ‘किती कमी कराल’ हा प्रश्नच विचारू नका. म्हणा, ‘लेटरहेडवर पूर्ण कोटेशन द्या, एकेक ओळ वेगळी.’ ६० हजारांची सूट देऊन चाळीस हजार दुसऱ्या ओळींमधून परत घेता येतात, आणि कार्डाच्या मागे लिहिलेल्या एका आकड्यात ते कधीच दिसत नाही.

असं कोटेशन एका ठिकाणाहून घेऊन भागत नाही. त्याच गाडीचं, त्याच व्हेरियंटचं, त्याच आठवड्यात नागपुरातल्या दुसऱ्या डीलरकडून घ्या. वर्ध्याला किंवा अमरावतीला त्याच कंपनीचं शोरूम असेल तर फोन करून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. मग तिन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवा आणि लाल पेन घ्या. पोरांचे पेपर तपासता ना, तसंच.

पहिली ओळ ‘आरटीओ’. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी कर आहे. साडेआठ लाखांवर तो ९३,५०० रुपये होतो. हलक्या वाहनाची नोंदणी फी ६०० रुपये, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे १,५०० आणि थोडं किरकोळ. या ओळीत १ लाख ५ हजार वगैरे लिहिलेलं दिसलं तर वरचे पैसे कशाचे ते शांतपणे विचारा, आणि कर भरल्याची सरकारी पावती आम्हाला लागेल हे तेव्हाच सांगून ठेवा. पावतीचं नाव काढलं की ही ओळ बऱ्याचदा आपोआप सुधारते.

‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘डेपो’, ‘फॅसिलिटेशन’ अशा नावाची ओळ असेल तर तिच्यावर सरळ काट मारा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच असतो, त्या शब्दाचा अर्थच तो. यावर वाद घालायचा नाही, समजावून घ्यायचं नाही, ‘सगळेच घेतात जी’ हे ऐकून मान डोलवायची नाही. ‘हे आम्ही देणार नाही’ इतकंच म्हणायचं. सिक्युरिटी नंबर प्लेटचे पैसे वेगळे लावले असतील तर तेही काढा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ती प्लेट लावूनच द्यायची आहे.

सूट म्हणून सांगितलेल्या ६० हजारांचीही फोड मागा. कंपनीची रोख सूट किती, डीलरची किती, एक्स्चेंज बोनस किती, कॉर्पोरेट किती. एक्स्चेंज बोनस जुनी गाडी दिली तरच मिळतो. कॉर्पोरेटची सूट मिस्टरांची कंपनी त्या यादीत असेल तरच. काही ठिकाणी जीएसटी कमी झाल्याचे पैसेही ‘तुमचा फायदा’ म्हणून मोजून दाखवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के आणि वर सेस होता. तो कर सरकारनं कमी केलाय. त्याचे आभार शोरूमला कशाला?

आता इन्शुरन्स. इथं थोडं थांबावं लागेल, कारण तुमचे खरे पैसे इथंच आहेत.

शोरूमचाच इन्शुरन्स घेतला पाहिजे, असा कुठलाही नियम नाही. विमा नियामकाचे नियम उलट सांगतात की ग्राहकावर सक्ती करता येत नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून बंधनकारक आहे. त्याचा हप्ता सरकारनं ठरवलेला, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो ‘ओन डॅमेज’च्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि वरून घेतलेल्या जादा संरक्षणाच्या अ‍ॅड-ऑन्समध्ये. त्यामुळे घरी बसून त्याच गाडीचा बाहेरचा कोट काढा, पण तुलना करताना दोन गोष्टी सारख्या ठेवा. एक, आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी धरते ती तिची किंमत. नव्या गाडीचा तो एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, म्हणजे तुमचा साधारण ८ लाख ७ हजार. कुणी स्वस्त कोट दाखवत असेल तर आयडीव्ही खाली आणलाय का ते आधी बघा. दोन, अ‍ॅड-ऑन्स. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा कापला न जाणारं, दोन्हीत हवं. आणि इंजिन प्रोटेक्ट घ्याच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या, ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. पाण्यात सेल मारून इंजिन गेलं तर साधी पॉलिसी बहुतेक वेळा हात वर करते. चावीची, टायरची, प्रवासी बॅगेची अ‍ॅड-ऑन्स मात्र खुशाल सोडा.

बाहेरचा कोट हातात घेऊन शोरूममध्ये गेलात की त्यांचा हप्ता खाली येतो, कारण त्यात त्यांचं कमिशन असतं. ते अगदी बाहेरच्या आकड्याच्या जवळ आले तर मी तर म्हणेन शोरूमचाच घ्या. क्लेमच्या वेळी कॅशलेसची धावपळ तेच करतात. ‘बाहेरून घेतला तर सूट मिळणार नाही’ असं म्हणाले, तर चिडू नका. सूट आणि विमा दोन्ही धरून शेवटचा आकडा किती पडतो एवढंच बघा.

यात एक गोष्ट तुम्हाला शोरूममध्ये कुणी आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नका. तुमच्या जुन्या गाडीवर मागची काही वर्षं क्लेम नसेल तर तुमच्या खात्यावर नो क्लेम बोनस जमा आहे, आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायचं आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या हप्त्यावर ती वजावट लावून घ्यायची. पत्र तीन वर्षं चालतं. फक्त नवी गाडी त्याच नावावर घ्या. जुनी मिस्टरांच्या नावावर आणि नवी तुमच्या नावावर, असं ठरलं असेल तर हा बोनस हातचा जाईल.

जुन्या गाडीचं बोलणं सगळ्यात शेवटी काढा. पहिल्याच दिवशी ‘एक्स्चेंज करायचं आहे’ म्हटलं की दोन हिशोब एकात मिसळतात. जुन्या गाडीला १५ हजार जास्त दिले म्हणून तुम्ही खूश, आणि नव्या गाडीवरची डीलरची सूट तेवढीच गुपचूप खाली. आधी नव्या गाडीचा शेवटचा आकडा कागदावर घ्या. मग जुन्या गाडीचा भाव विचारा. त्याआधी दोन-तीन जुन्या गाड्यांच्या खरेदीदारांना ती दाखवून ठेवा, सर्व्हिसचे कागद घेऊन आणि गाडी धुऊन. बाहेरचा भाव शोरूमचा भाव अधिक एक्स्चेंज बोनस यापेक्षा जास्त असेल तरच बाहेर विका. दोन-चार हजारांसाठी नको, कारण बाहेर विकताना डोक्याला एक ताप असतो: आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली आणि समोरच्यानं आरसी नावावर केलीच नाही, तर चलान तुमच्या मोबाइलवर येत राहतात. अपघात झाला तर नोटीसही तुमच्याच नावाची. शोरूमला द्या की बाहेर, तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट घेतल्याशिवाय चावी सोडू नका.

कर्जाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण ते असणारच असं धरतो. ‘महिन्याला किती जमेल ताई?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका. हप्ता कमी दिसावा म्हणून मुदत लांबवली की गाडी महाग पडते. ६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर, पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये आणि एकूण व्याज १ लाख ४७ हजारांच्या घरात. तेच सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ९,६५३ वर येतो, व्याज मात्र २ लाख ११ हजारांच्या आसपास जातं. ज्या ६० हजारांसाठी आपण एवढं डोकं लावतोय, ते इथं एका सहीत गेले. आणि व्याज ‘फ्लॅट’ आहे का, म्हणजे फेडत गेलात तरी मूळ पूर्ण रकमेवरच लागतं का, हे नक्की विचारा. फ्लॅट ९ टक्के म्हणजे याच कर्जावर पाच वर्षांत २ लाख ७० हजार व्याज. पगार ज्या बँकेत येतो तिथून आधी दर लिहून आणा, मग शोरूममधल्या बँकवाल्याशी बोला. त्यालाही कर्जावर पेआउट, म्हणजे कमिशन असतं. म्हणून गाडीचा भाव ठरेपर्यंत ‘कर्ज तुमच्याकडूनच घेऊ बहुतेक’ एवढी आशा राहू द्यायला हरकत नाही. त्यात खोटं काही नाही, दर चांगला दिला तर घ्याल ना.

अ‍ॅक्सेसरीजवर फार शाई घालवत नाही. अंडरबॉडी कोटिंग रत्नागिरी-मुंबईकडच्या खाऱ्या हवेत समजू शकतो, विदर्भाच्या कोरड्या हवेत त्यासाठी चार-पाच हजार का द्यायचे? टेफ्लॉन कोटिंगही सोडा, नव्या गाडीचा रंग नवाच असतो. ‘बेसिक किट’ नावाची ओळ असेल तर आत काय आहे ते उघडून दाखवायला सांगा. सीट कव्हर, मॅट बाहेर निम्म्या भावात मिळतात. वायरिंगला हात लागेल असं काही, म्हणजे कॅमेरा, लाइट, म्युझिक सिस्टिम, एवढं शोरूममधूनच घ्या, नाहीतर उद्या वॉरंटीचा वाद होतो. एक्सटेंडेड वॉरंटी मात्र तुमच्यासारख्या एकच गाडी दहा-बारा वर्षं वापरणाऱ्यांनी घ्यावी. ती बुकिंगच्या दिवशीच घेतली पाहिजे असं नाही, कंपनीच्या मूळ वॉरंटीत कधीपर्यंत घेता येते ते विचारून ठेवा. आणि मे महिन्याच्या उन्हाचं कारण काढून कुणी काळी फिल्म मारून देतो म्हणाला, तर चलानही तोच भरणार का ते विचारा.

राहता राहिले सासरे आणि भाऊजी.

सासऱ्यांचा दसरा तुमच्या फायद्याचा आहे, फक्त बोलणी दसऱ्याच्या आठवड्यात करू नका. दसऱ्याच्या आधी पितृपक्ष येतो. त्या पंधरवड्यात आपल्याकडे बहुतेक लोक नवी गाडी घेत नाहीत, शोरूममध्ये सेल्समन एकमेकांना चहा पाजत बसलेले असतात आणि महिन्याचं टार्गेट मात्र तेवढंच असतं. बोलणी तेव्हा करा, भाव तेव्हा लिहून घ्या. बुकिंगची रक्कम घट बसल्यावर भरायची असेल तर तसं सांगून तारीख ठरवा, म्हणजे घरात कुणाचं मन मोडणार नाही. डिसेंबरअखेर यापेक्षा जास्त सूट मिळू शकते, हेही सांगतो. तेव्हा ‘जुन्या सालाची गाडी’ म्हणून लोक मागे हटतात. तीन-चार वर्षांत विकणाऱ्यानं हटावंच. २०१४ ची गाडी आजवर चालवणाऱ्यांना त्या एका सालानं फारसा फरक पडत नाही. पण दसरा ठरलाय तर दसरा.

रंगाच्या बाबतीत थोडी माघार घेता आली तर बघा. ‘कुठला रंग तयार स्टॉकमध्ये आहे, आणि कधीपासून उभा आहे?’ हा प्रश्न विचारला की मॅनेजर स्वतः खुर्ची ओढून बसतो. उभी गाडी त्यालाही नको असते.

भाऊजींच्या ओळखीनं गाडी लवकर मिळते, चहा मिळतो, डिलिव्हरीला पेढ्याचा बॉक्स मोठा मिळतो. भाव कमी मिळतोच असं नाही. उलट ओळखीच्या ठिकाणी एक अडचण असते: ‘नको आम्हाला’ म्हणून उठता येत नाही, कारण मग भाऊजींचं नाक कापलं जातं. त्यांना दुखवूही नका. त्यांना म्हणा, ‘भाऊजी, तुमच्या ओळखीनं एक कोटेशन आणून द्या ना, लेटरहेडवर.’ ते तुमच्या तीन कोटेशनांपैकी एक. सगळ्यात कमी निघालं तर त्यांच्याकडूनच घ्या, मानही राहील.

किती ताणायचं, हे विचारलंत. टक्के सांगत नाही, कारण ज्या गाडीला वेटिंग आहे तिच्यावर कुणी पाच हजारही सोडणार नाही आणि जी यार्डात उभी आहे तिच्यावर सगळे सोडतील. तुमची मर्यादा तीन कोटेशनच ठरवतील. प्रत्येक ओळीतला सगळ्यात कमी आकडा उचलून चौथं कोटेशन तुम्ही स्वतः लिहा. घराजवळच्या शोरूममध्ये ते सेल्समनला नव्हे, सेल्स मॅनेजरला दाखवा आणि म्हणा, ‘या आकड्याला देत असाल तर आज बुक करतो.’ मग गप्प बसा. ही सगळ्यात अवघड पायरी आहे, विशेषतः मिस्टरांसाठी. त्यांना घरूनच सांगून न्या की मध्येच ‘बरं, ठीक आहे’ म्हणायचं नाही. नाही जमलं तर नमस्कार करून उठा. यात हसं कसलं, साडेआठ लाख तुमचे आहेत. बहुधा फोन येतोच.

बुकिंगचे पैसे शोरूमच्या खात्यावर भरा, सेल्समनच्या यूपीआयवर नाही. पावतीवर व्हेरियंट, रंग, ठरलेली सूट आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत, हे लिहून घ्या. किंमत वाढली तर नवी किंमत लागेल अशी ओळ फॉर्मवर छापलेली असते. दसऱ्यापर्यंतची डिलिव्हरी तिच्यातून सोडवून घेता आली तर बघा. आणि एकूण व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख देण्याचं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. प्राप्तिकर कायद्याला ते चालत नाही.

दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये हार, नारळ, फोटो आणि गर्दी यात गाडी बघायला कुणाला फुरसत नसते. म्हणून ती चार दिवस आधी, आणि नोंदणी व्हायच्या आधी, यार्डात जाऊन बघा. नोंदणी झाली की ती गाडी तुमची, बदलून मिळणं जवळपास अशक्य. दुपारच्या उजेडात जा. आपल्या उन्हात महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी लपत नाही: वायपरचं रबर चिरलेलं, टायरला एकाच बाजूला सपाटपणा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, मोबाइलचा टॉर्च मारून वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही आणि स्टेपनीसुद्धा. दरवाजे, बॉनेट आणि बंपरचा रंग एका नजरेत जुळतो का ते दहा फुटांवरून बघा. किलोमीटरचा काटा शे-दीडशेच्या पुढे असेल तर गाडी कुठं फिरली ते विचारा. डीलर जो फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, देतो त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. तो मागा, चेसिस नंबरचा फोटो काढा आणि इनव्हॉइसवरच्या नंबरशी जुळवा. जुळला तरच उरलेले पैसे भरा.

आणि जुन्या गाडीचा फास्टॅग डिलिव्हरी नोटवर सही झाल्याच्या दिवशीच बंद करा, नाहीतर पुढच्या मालकाचा समृद्धीचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.